खाज आधी, डाग नंतर: खाजणाऱ्या काळ्या डागांवर आयुर्वेद काय सांगतो

मान, कोपराची आतली बाजू, घोटा, जांघ. यातली एखादी जागा महिनोन्‌महिने खाजत राहते. मग तिथली कातडी काळपट पडते आणि हळूहळू जाडही होते. औषधाच्या दुकानात गेलेला माणूस मात्र डाग घालवायचं क्रीम मागतो. खाजेचं औषध फार थोडे लोक मागतात, कारण खाज फक्त आपल्याला कळते आणि डाग चारचौघांना दिसतो.

इथेच सगळी गडबड सुरू होते. खाजणाऱ्या डागाचं मूळ खाजेत असतं, काळेपणा हा तिचा परिणाम. खाज चालू असेपर्यंत जगातलं कोणतंही क्रीम, तेल किंवा लेप तो डाग कायमचा घालवू शकत नाही. खाज पूर्ण थांबली, तर बरेचसे डाग वेळ घेऊन आपोआप फिकट होतात. आयुर्वेदाची मांडणीही याच क्रमाने जाते. पण आयुर्वेद बहुतेकांपर्यंत पोचतो तो रंग उजळवणाऱ्या तेलांच्या जाहिरातींमधून, आणि क्रम उलटा होऊन बसतो.

डाग पडतो कसा

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. अशी एकेक पेशी आजूबाजूच्या साधारण ३५ ते ४० पेशींना रंगाचे कण पुरवते. त्वचेला कुठल्याही कारणाने सूज आली, मग ती अ‍ॅलर्जीची असो, बुरशीची असो किंवा नखांनी ओरबाडल्याची, की तिथे सुटणारी रसायनं या रंगपेशींना डिवचतात. पेशी जास्त रंग बनवू लागतात. मूळची त्वचा जितकी सावळी, तितका हा प्रतिसाद जोरदार. म्हणून गोऱ्या त्वचेवर जिथे चार दिवस लाली राहील, तिथे सावळ्या त्वचेवर काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

पुढचा प्रश्न रंग किती खोल गेला आहे हा. तो वरच्याच थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि सहा महिने ते वर्षभरात, कधी त्याहून थोडा उशिरा, फिका होतो. पण सूज फार दिवस राहिली, तर रंगाचे कण खालच्या थरात झिरपतात आणि तिथल्या भक्षक पेशी ते गिळून बसतात. अशा डागात राखाडी-निळसर झाक येते. तो जायला वर्षं लागतात आणि कधी कधी पूर्ण जातही नाही. खाज लवकर थांबवा असं सांगतात त्याचं खरं कारण हे आहे.

खाजवणं थांबत का नाही, हेही समजून घ्यायला हवं. खाजवलं की क्षणभर बरं वाटतं, कारण हलक्या वेदनेने खाजेचा संदेश दबतो. पण त्याच वेळी त्वचेचं वरचं कवच फाटतं, सूज वाढते, मज्जातंतूंची टोकं आणखी हळवी होतात आणि तासाभरात खाज पुन्हा वर येते. सतत घासली गेलेली कातडी स्वतःला वाचवायला जाड होते आणि तिच्यावरच्या रेषा खोल दिसू लागतात. घोट्यावर किंवा मानेच्या मागे असे चामड्यासारखे चट्टे झालेले असतात, ते बहुतेकदा या चक्राचंच फळ असतं.

एक प्रकार जरा जवळून पाहण्यासारखा आहे. पाठीच्या वरच्या भागावर, खांद्यांच्या मधे किंवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला काळपट पट्टा येतो. समोरून पाहिलं तर नुसता मळकट डाग वाटतो. पण बाजूने उजेड पाडून पाहा. तो सलग नसतो. वाळूवरून वारा गेल्यावर उठतात तशा बारीक, एकमेकींना समांतर लहरी त्यात दिसतात. याला मॅक्युलर अमायलॉयडोसिस म्हणतात. त्यात त्वचेच्या पेशींतल्या प्रथिनाचा चोथा वरच्या थराच्या खाली साठतो, आणि वर्षानुवर्षं घासणं हे त्याचं एक मोठं कारण असतं: खरखरीत टॉवेल, नायलॉनची घासणी, पाठ खाजवायची काठी. घरचे म्हणतात, मळ बसलाय, नीट घास. माणूस आणखी जोरात घासतो आणि डाग आणखी गडद होतो. अशा डागाला पहिलं औषध म्हणजे ती घासणी फेकून देणं.

आयुर्वेदाची नजर

आयुर्वेदात खाज म्हणजे कंडू, आणि ते प्रामुख्याने कफाचं लक्षण. आग, लाली, लवकर पिकणं हे पित्ताचं. कोरडेपणा, खरखरीतपणा आणि काळसर रंग हा वाताचा. त्वचेत राहून कांती आणि वर्ण दाखवणारं, बाहेरून लावलेली तेलं-लेप पचवणारं ते भ्राजक पित्त. खाजणारा, जाड, काळा चट्टा या भाषेत वाचला तर त्यात कफ आणि वात एकत्र दिसतात. त्यात लाली आणि आग असेल तर पित्तही. या सगळ्यांच्या जोडीला रक्त बिघडलेलं मानतात. त्यामुळे वैद्य 'डागावर काय देऊ' असा विचार करत नाही. इथे आत्ता कोण जोरात आहे, हे तो आधी ठरवतो.

चरकसंहितेत त्वचेच्या आजारांचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात मोठे आणि अकरा लहान. या सगळ्यांना मिळून कुष्ठ म्हटलं आहे. त्यामुळे वैद्याच्या कागदावर हा शब्द दिसला तर घाबरून जाऊ नये. त्यात इसब आणि नायटाही येतात. या अकरांपैकी विचर्चिकेचं वर्णन आपल्या विषयाला थेट भिडतं: खाज सुटणाऱ्या, काळपट, पुष्कळ पाझरणाऱ्या पुळ्या. सुश्रुतसंहितेत तिचंच कोरडं रूप येतं, रूक्ष रेषा आणि भयंकर खाज. आजच्या इसबाचे ओला आणि कोरडा असे दोन चेहरे या दोन वर्णनांत ओळखू येतात. किटिभ म्हणजे काळपट आणि घट्ट्यासारखा खरखरीत चट्टा. दद्रू म्हणजे खाजणारं, लालसर, कडा उचललेलं मंडल, आपलं गजकर्ण.

आणि चेहऱ्यावरचा वांग? त्याला व्यंग म्हटलं आहे आणि तो बिनवेदनेचा, पातळ, काळसर सांगितला आहे. खाज हे त्याचं लक्षणच नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. कुंकुमादि तेलासारखी प्रसिद्ध तेलं मुख्यतः चेहऱ्यावरच्या या बिनखाजेच्या डागांसाठी आहेत. जांघेतल्या खाजणाऱ्या काळ्या चट्ट्यावर ती चोपडण्यात काही अर्थ नाही. तिथे बुरशी असेल, तर तेलाच्या ओलाव्यात ती उलट मजेत वाढते.

आता ज्या तपशिलासाठी हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. चरकाच्या सूत्रस्थानातल्या चौथ्या अध्यायात औषधांचे पन्नास गट दिले आहेत, प्रत्येकात दहा द्रव्यं. त्यात खाज घालवणारा गट वेगळा आहे, कंडूघ्न. वर्ण सुधारणारा गट वेगळा, वर्ण्य. आणि त्वचारोग घालवणारा कुष्ठघ्न हा आणखी वेगळा. कंडूघ्न गटात कडुनिंब, करंज, बहावा, कुडा, मोहरी, दारुहळद, नागरमोथा, जटामांसी अशी कडू-तिखट, कफ सुकवणारी मंडळी आहेत. वर्ण्य गटात मंजिष्ठा, सारिवा म्हणजे अनंतमूळ, वाळा, पद्मक, दूर्वा अशी रक्त आणि पित्त शांत करणारी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर फक्त दोन नावं सामाईक निघतात: चंदन आणि ज्येष्ठमध. खाज आणि रंग ही दोन वेगळी कामं आहेत, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही. आज बाजारात 'खाज, डाग, मुरूम सगळ्यांवर एकच' अशा नळ्या मिळतात, पण त्या गटांची आखणी करणाऱ्यांनी तसा दावा केला नव्हता.

उपचार सुरू होतो कुठून

निदान परिवर्जन, म्हणजे ज्याने आजार झाला ते आधी बंद करणं. हे सगळ्यात साधं, सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात दुर्लक्षित पाऊल आहे. कपाळाच्या कडेला आणि कानामागे खाज-काळेपणा असेल तर केसांचा रंग तपासा. काळ्या हेअर डायमधल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी अशीच दिसते. टिकलीच्या जागी खाज असेल तर टिकलीचा गोंद. कमरेला असेल तर घट्ट इलॅस्टिक किंवा निकेलचं बक्कल. मनगटावर असेल तर घड्याळाचा पट्टा. कारण अंगाला चिकटलेलं असताना पोटातून काढे घेऊन उपयोग होत नाही.

आहाराबद्दल ग्रंथांत विरुद्ध अन्न, आधीचं पचलेलं नसताना पुन्हा जेवणं, अति आंबट-खारट खाणं, दिवसा झोपणं आणि नैसर्गिक वेग दाबणं ही कारणं सांगितली आहेत. दूध आणि मासे एकत्र खाणं हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. पथ्य म्हणून हलकं अन्न, जुनं धान्य, मूग, पडवळासारख्या कडवट भाज्या. यावर माझं मत सरळ आहे. रात्री उशिरा जड न जेवणं, अति खारट-आंबट कमी करणं, ज्या पदार्थानंतर खाज वाढते असं स्वतःला वारंवार जाणवतं तो थांबवून पाहणं, एवढं जरूर करावं. पण यादीच्या यादी बंद करून मुलाला किंवा अशक्त माणसाला उपाशी ठेवू नये. त्वचा दुरुस्त व्हायला प्रथिनं आणि लोह लागतं. शरीरातलं लोह कमी असेल तर त्यानेही खाज सुटते.

बाहेरून काय लावायचं, हे जागा ओली आहे की कोरडी यावर ठरतं. पाझरणाऱ्या जागेवर तेल नको. अष्टांगहृदय लिहिणाऱ्या वाग्भटाने कफ वाढलेल्या माणसाला अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, वर्ज्यच सांगितला आहे. अशा जागी त्रिफळा किंवा पंचवल्कल, म्हणजे वड, उंबर, पिंपळ वगैरे पाच सालींचा गाळलेला, गार झालेला काढा घेऊन धुवायचं किंवा त्यात भिजवलेली स्वच्छ पट्टी काही मिनिटं ठेवायची. यातली तुरट द्रव्यं स्राव आटवतात. आधुनिक त्वचाविज्ञानही ओल्या इसबावर आधी ओल्या पट्ट्याच सुचवतं, मलम नंतर. कोरड्या, भेगाळलेल्या जागेला मात्र स्निग्धता लागते: औषधी तूप, साधं खोबरेल, किंवा शतधौत घृत.

शतधौत घृत करायची रीत सांगण्यासारखी आहे. तांब्याच्या परातीत गाईचं शुद्ध तूप घेतात, त्यात गार पाणी घालून तळहाताने किंवा तांब्याच्या भांड्याच्या बुडाने गोल गोल घोटतात. थोड्या वेळाने पाणी ओतून टाकून नवं घालतात. असं शंभर वेळा. पहिल्या काही धुण्यांत तूप पिवळं आणि कणीदारच राहतं. पुढे ते फुलायला लागतं, पांढरं होतं, तुपाचा वास जवळजवळ जातो आणि शेवटी बोटावर घेतलं की थंड लागणारं, न चिकटणारं, फेसाळ मलम हातात येतं. आग आणि कोरडी खाज असलेल्या जागेवर ते छान काम करतं. त्यात पाणी अडकलेलं असल्याने ते फार दिवस टिकत नाही. थोडंच करावं, कोरड्या बोटाने घ्यावं आणि वास बदलला की टाकून द्यावं.

कोणतंही स्निग्ध द्रव्य अंघोळ झाल्यावर तीन-चार मिनिटांत, कातडी किंचित दमट असतानाच लावलं तर जास्त उपयोगी पडतं. पाणी कोमट हवं. कढत पाण्याने खाजेला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण त्वचेतली नैसर्गिक चरबी धुऊन जाते आणि रात्री खाज दुप्पट होते. नखं बारीक कापावीत. खाज उठली की नख लावण्याऐवजी गार पाण्याची घडी दाबून धरावी.

पोटात घ्यायच्या औषधांमध्ये मंजिष्ठादि काढा, खदिरारिष्ट, पंचतिक्त घृत गुग्गुळ, गंधक रसायन, हरिद्राखंड, आरोग्यवर्धिनी ही नावं वारंवार कानावर येतात. ही घरच्या घरी निवडायची नव्हेत. हरिद्राखंडात साखर भरपूर असते, मधुमेह असेल तर ते सांगायलाच हवं. खदिरारिष्टासारख्या अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. आरोग्यवर्धिनीत कुटकीबरोबर पारा-गंधकाची कज्जली आणि ताम्र भस्मही असतं.

वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं) आणि रक्तमोक्षण (जळवा वगैरे लावून रक्त काढणं) ही शोधनं, म्हणजे शरीर शुद्ध करायची कर्मं, जुनाट आजारात सांगितली आहेत. कफ जोरात तर वमन, पित्त जोरात तर विरेचन आणि रक्त काढणं, वात जोरात तर तूप पाजणं, असा ढोबळ नियम. ही रुग्णालयात, तयारीनिशी करायची कर्मं आहेत. गर्भारपण, हृदयरोग, खूप अशक्तपणा असताना वमन नको. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर जळवा लावून घेऊ नयेत.

विज्ञान किती पाठीशी आहे

ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला रोखतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. हळदीतलं करक्युमिन सूज उतरवतं, पण ते पोटातून रक्तात फार कमी शोषलं जातं. शुद्ध खोबरेलाने लहान मुलांच्या कोरड्या इसबाला खनिज तेलापेक्षा जास्त आराम मिळाल्याचं चाचणीत दिसलं आहे. उलट, मोहरीचं तेल त्वचेचं कवच दुरुस्त व्हायला अडथळा आणतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगात आढळलं. कंडूघ्न गटात मोहरी असली, तरी ओरबाडलेल्या जागेवर मोहरीचं तेल चोळू नये असंच मी सांगेन. संयुक्त औषधांवरच्या माणसांतल्या चाचण्या बऱ्याचदा लहान असतात आणि त्यांचा काळही थोडा. त्यामुळे 'शंभर टक्के बरं' म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

ज्यांनी डाग वाढतो

बावची. त्वचेसाठी चांगली म्हणून तिचं तेल काळ्या डागावर लावणारे पुष्कळ आहेत. बावचीत सोरालेन असतं. उन्हाबरोबर ते रंग वाढवतं, आणि म्हणूनच ती कोडासाठी, म्हणजे पांढऱ्या डागांसाठी वापरली जाते. काळ्या डागावर तिचा परिणाम नेमका उलटा, वर उन्हात फोड येण्याचा धोका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तरी जवळजवळ तसंच होतं: आधी भाजल्यासारखी जखम, मग महिनोन्‌महिने राहणारा काळा ओघळ. बिब्ब्याचं तेल कातडीवर लागलं तर फोड येतात आणि ते बरे झाल्यावर आणखी काळे डाग उरतात. लसूण ठेचून बांधणं, दगडाने घासणं हेही त्याच जातीचं.

बिनलेबलची 'हर्बल' क्रीमं हा सगळ्यात मोठा धोका मानतो मी. चार दिवसांत खाज गायब आणि रंग उजळ, असं झालं तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यायलाच हवी. गजकर्णावर स्टेरॉइड लावलं की लाली उतरते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि मग ती ओळखणंही अवघड होतं. गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्ण फार चिवट झालं आहे. टाकळ्याच्या बियांचा लेप हा दद्रूवरचा जुना उपाय आहे खरा, पण चट्टे पसरले असतील किंवा घरात दोघा-तिघांना असेल, तर बुरशीविरोधी गोळ्या त्वचारोगतज्ज्ञाकडून पूर्ण मुदतीच्या घ्याव्यात.

पारा किंवा बिब्बा असलेल्या औषधांच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापणं भारतीय औषध नियमांनुसार बंधनकारक आहे. तो वाचा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती. त्यातल्या २०.७ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. नोंदणीकृत वैद्याने लिहून दिलेलं, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी असलेलंच औषध घ्यावं.

आधी तपासून घ्यायचं

अंगावर पुरळ काहीच नाही, पण सगळीकडे खाज आहे आणि खाजवून खाजवून कातडी काळी झाली आहे, अशा माणसाने लेपांच्या मागे लागू नये. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, रक्तातली साखर आणि लोह तपासून घ्यावं. डोळे पिवळे दिसत असतील, वजन उतरत असेल, रात्री घाम येत असेल तर त्याच आठवड्यात. मानेवर आणि काखेत मखमली, जाडसर काळेपणा असेल तर इन्सुलिन नीट काम करत नसण्याची शक्यता मोठी. तो कितीही घासला तरी जात नाही, वजन आणि साखर आटोक्यात आली की उतरतो. घोट्याच्या वर खाज, काळेपणा आणि सुजलेल्या शिरा असतील तर दोष शिरांमधल्या झडपांचा असतो. जांभळट, चपट्या, चमकणाऱ्या खाजऱ्या पुटकुळ्या आणि गालाच्या आत पांढऱ्या रेषा असतील तर लायकेन प्लेनस हा त्वचेचा वेगळाच आजार. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटत असेल तर खरूज. तीळ किंवा एखादा एकटा डाग खाजत असेल, वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर तो त्वचारोगतज्ज्ञाला आधी दाखवावा, बाकी सगळं नंतर.

खाज थांबल्यावर रंगासाठी घाई करू नये. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे महिन्याच्या आत कोणत्याही उपायाचा निकाल लावण्यात अर्थ नाही. या काळात खरं काम ऊन करतं, म्हणजे बिघडवतं. उघड्या जागेवर सनस्क्रीन किंवा निदान कपडा हवाच. वर्ण्य गटातली मंजिष्ठा, ज्येष्ठमध किंवा चंदन यांचा साधा लेप लावायचा तो आता, खाज पूर्ण शमल्यावर. आधी कोपरावर दोन दिवस लावून पाहावा. वाळून तडकण्याआधीच तो धुऊन टाकावा, कारण वाळलेला लेप ओढला की पुन्हा कोरडेपणा आणि पुन्हा खाज.

डागाचा फोटो महिन्यातून एकदा काढून ठेवा: एकाच खिडकीपाशी, दिवसाच्या एकाच वेळी, शेजारी एखादं नाणं ठेवून. रोज आरशात पाहणाऱ्याला बदल कळत नाही, फोटोत कळतो. वैद्याकडे किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना हे फोटो न्या, आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या नळ्या, तेलं आणि पुड्याही पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा.